जलाशयातील नौकांचे टोचन : अल्प खर्चात, पण निर्धोकपणे

हिंगोली जिल्ह्याचे नाव निघाले की औंढा नागनाथचे ज्योतिर्लिंग, संत नामदेवांचे नरसी आणि वसमतची हळद यांचे स्मरण प्रथम होते. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही पाण्याशी त्याचे नाते निकटचे आहे. औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. त्याच नदीवर वरच्या अंगाला, परभणी जिल्ह्याच्या सीमेवर, येलदरीचा विस्तीर्ण जलाशय आहे. हिंगोली आणि यवतमाळ या जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगा अडवून ईसापूर धरण उभे राहिले आहे. सिद्धेश्वरचा उपयुक्त साठा सुमारे ८१ दशलक्ष घनमीटर, येलदरीचा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, तर ईसापूरचा सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर आहे. हे जलाशय सिंचनासाठी बांधले गेले. परंतु त्यांच्या पाण्यावर मासेमारी करून उदरनिर्वाह करणारी कुटुंबेही काठावर आहेत.

जेथे पाणी आहे तेथे नौका आली, आणि जेथे नौका आली तेथे एक नौका दुसरीच्या मागे बांधून ओढून नेण्याचा प्रसंग केव्हातरी आलाच. रस्त्यावर बंद पडलेले वाहन दुसऱ्या वाहनामागे बांधून नेण्यास आपल्याकडे 'टोचन' असे म्हणतात. पाण्यावरील टोचन दिसावयास तितकेच सोपे आहे. वस्तुतः त्याची रीत निराळी आहे. रस्त्यावर ब्रेक असतो, पाण्यावर तो नसतो. दोर सैल पडला तर रस्त्यावर तो चाकाखाली येतो. पाण्यावर तो पंख्यात अडकतो आणि मग एकीच्या जागी दोन नौका निकामी होतात. ही रीत समजून घेतल्यास थोडक्या पैशांत काम भागते. न समजल्यास महागडे साहित्यही कामास येत नाही.

टोचनाचे प्रसंग

जलाशयावर टोचनाची गरज मुख्यतः तीन प्रसंगी भासते. पहिला प्रसंग इंजीन बंद पडण्याचा. दुसरा प्रसंग बिनइंजिनाची होडी दूरच्या काठावर नेण्याचा. वल्ही मारून दोन तासांत कापावयाचे अंतर इंजिनाच्या नौकेमागे लवकर कापले जाते आणि श्रमही वाचतात. तिसरा प्रसंग जलक्रीडेच्या वाहनांचा. अशा वाहनासाठी चाकांची वेगळी गाडी घेणे परवडत नाही, म्हणून ते नौकेमागे बांधूनच इष्ट स्थळी नेण्याकडे मालकाचा कल असतो.

या तिन्ही प्रसंगी काटकसरीचा विचार येणे स्वाभाविक आहे. मात्र काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, हे ठरविणे हाच या विषयाचा गाभा होय. खुंटी, कडी, तरंगणारे डबे, आघात शोषणारे रबर या सर्व वस्तू घरगुती साधनांतून तयार करता येतात. दोर आणि अंगरख्यासारखे घालावयाचे तरंगजाकीट या दोनच वस्तू अशा आहेत की त्यांत तडजोड करू नये. आणि सर्वांत महत्त्वाची जी गोष्ट, म्हणजे सावकाश चालणे, तिला तर पैसाच लागत नाही.

वेग आणि ओढ यांचे गणित

पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या वस्तूला पाणी विरोध करते. हा विरोध वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, तर ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५ किलोमीटर वेगाने जाताना दोरावर जेवढी ओढ असते, तिच्या सुमारे चौपट ओढ ताशी १० किलोमीटरला येते आणि सुमारे नऊपट ताशी १५ किलोमीटरला. लहान होडीच्या बाबतीत विशिष्ट वेगानंतर पाण्याचा डोंगर तिच्यापुढे उभा राहू लागतो आणि ओढ याहूनही झपाट्याने वाढते.

या एका नियमातून अनेक गोष्टी उलगडतात. वेग निम्म्यावर आणला की दोरावरील, खुंटीवरील व इंजिनावरील भार चौथ्या हिश्श्यावर येतो. इंधन वाचते, गाठी सुटत नाहीत, खुंट्या उपटत नाहीत. म्हणून माणसाच्या चालीइतका, म्हणजे ताशी पाच-सहा किलोमीटरचा वेग टोचनासाठी योग्य समजावा. ज्याला जाड दोर घेणे परवडत नाही, त्याने वेग कमी ठेवावा. जाड दोर असणाऱ्यानेही तोच ठेवावा.

दोर कोणता घ्यावा

बाजारात मिळणाऱ्या दोरांपैकी दोन प्रकार या कामी येतात. नायलॉनचा दोर बळकट असतो आणि ताणला जातो. त्यामुळे लाटेने बसणारा हिसका तो पोटात घेतो. परंतु तो पाण्यात बुडतो, आणि बुडालेला सैल दोर पंख्याकडे ओढला जाण्याची भीती असते. पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त असतो आणि पाण्यावर तरंगतो. मात्र तो कमी ताणला जातो आणि उन्हाने लवकर जीर्ण होतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नौकेवर उघडा पडलेला असा दोर वरून धड दिसला तरी आतून ठिसूळ झालेला असू शकतो. पीळ उकलून आतील धागे पाहावेत. ते चुरा होऊन हातास लागत असतील तर तो दोर गुरे बांधण्यास ठेवावा, टोचनास वापरू नये.

लहान नौकांसाठी १२ मिलिमीटर जाडीचा दोर साधारणपणे पुरेसा होतो. अशा नव्या नायलॉन दोराची तुटण्याची मर्यादा दोन टनांहून अधिक असते. तथापि गाठ मारली की दोराची शक्ती एक-तृतीयांश ते निम्म्याने घटते, आणि जुनेपणाने ती आणखी घटते. म्हणून तुटण्याच्या मर्यादेच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भार दोरावर येऊ देऊ नये, असा संकेत पाळला जातो.

दोन्हींचे गुण एकत्र साधावयाचे असतील तर नायलॉनच्या दोराला ठराविक अंतरावर लहान, घट्ट झाकणाचे रिकामे प्लॅस्टिकचे डबे बांधावेत. दोर पाण्यावर राहतो आणि त्याची जागा दुरून दिसते. हिसका कमी करण्यासाठी ट्रॅक्टर वा ट्रकच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी दोराच्या एका भागाशी समांतर बांधावी. पट्टीच्या दोन टोकांमधील दोर थोडा सैल ठेवावा, म्हणजे आधी रबर ताणले जाते आणि नंतर दोर. रबर तुटलेच तरी दोर शाबूत राहतो. बाजारातील तयार साधनाचे काम ही फुकटची पट्टी बऱ्याच अंशी करते.

बांधणी

पुढची नौका : लहान नौकांवर पंख्याचे इंजीन मागच्या बाजूस मधोमध टांगलेले असते. दोर इंजिनाला कधीही बांधू नये. मागच्या दोन्ही कोपऱ्यांवरील मजबूत कड्यांना एकाच दोराची दोन टोके बांधून इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराची बांधणी करावी आणि तिच्या मध्यास मुख्य दोर जोडावा. ओढ दोन्ही बाजूंस सारखी वाटली जाते आणि दोर इंजिनापासून दूर राहतो. कड्या केवळ फळीत ठोकलेल्या नसाव्यात; आरपार बोल्ट व आतून लोखंडी पट्टी असावी. कडी उपटली तर ती दोरासह गोफणीच्या दगडासारखी उडते.

मागची नौका : दोर तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, शक्य तितका खाली बांधावा. वर बांधलेला दोर नाळ खाली दाबतो आणि नौका पाण्यात नाक खुपसते. आतील सामान थोडे मागे सरकवावे, म्हणजे नाळ किंचित वर राहते. तिला स्वतःचे पंख्याचे इंजीन असल्यास ते पाण्याबाहेर उचलून ठेवावे.

गाठ : टोचनाची गाठ घट्ट राहणारी, पण ताण असतानाही सोडता येणारी हवी. मागच्या नौकेवर न सरकणारा फासा चालतो. पुढच्या नौकेवर मात्र खुंटीला दोन-तीन वेढे देऊन वर दोन सुट्या आट्या घालाव्यात. प्रसंग ओढवल्यास त्या क्षणात सुटतात. त्याखेरीज धारदार कोयता वा सुरी दोरापाशी हाताशी असावी. टोचनाच्या सर्व साहित्यात सर्वांत स्वस्त आणि प्रसंगी सर्वांत मोलाची वस्तू हीच होय.

अंतर : शांत पाण्यात दोराची लांबी नौकेच्या लांबीच्या तिप्पट ते चौपट पुरते. लाटा असतील तर दोर वाढवावा आणि दोन्ही नौका एकाच वेळी लाटेवर चढतील व उतरतील असा मेळ साधावा. एक चढत असताना दुसरी उतरू लागली की दोर आलटून पालटून सैल पडतो व हिसका देतो. काठाजवळ आल्यावर मात्र लांब दोर अडचणीचा होतो. तेथे वेग थांबवून दोर आखूड करावा, किंवा मागची नौका पुढच्या नौकेच्या बगलेला बांधून घ्यावी. दोहोंमध्ये जुने टायर टांगले की घासण्याचे भय राहत नाही.

प्रत्यक्ष ओढताना

बंद पडलेल्या नौकेजवळ वाऱ्याच्या उलट दिशेने, सावकाश जावे. जाड दोर एकदम फेकण्याऐवजी आधी बारीक सुतळी फेकावी. तिच्या टोकाला थोडे पाणी भरलेली प्लॅस्टिकची बाटली बांधलेली असावी. सुतळीच्या आधाराने मुख्य दोर ओढून घेता येतो. दोर पाण्यात असेपर्यंत पंखा फिरता ठेवू नये. दोर बांधून झाल्यावर पुढची नौका हळूहळू पुढे घ्यावी, दोर सरळ व ताठ होऊ द्यावा आणि त्यानंतरच वेग द्यावा.

ओढल्या जाणाऱ्या नौकेत शक्यतो कोणीही बसू नये. सर्व माणसांना, क्षमता असेल तर, पुढच्या नौकेत घ्यावे. क्षमता नसेल तर दोन फेऱ्या कराव्यात. दोन फेऱ्यांचा खर्च म्हणजे थोडे इंधन. जादा माणसे भरण्याची किंमत फार मोठी असते. सुकाणू धरण्यासाठी मागे एखादा माणूस ठेवणे भागच असेल तर तो पोहता येणारा, तरंगजाकीट घातलेला आणि मागील बाजूस बसलेला असावा. पुढच्या नौकेतही दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये, कारण ताणलेला दोर तुटला की त्याचे टोक प्रचंड वेगाने मागे येते.

वळण नेहमी मोठ्या घेराचे घ्यावे. पुढची नौका एकदम वळली आणि मागचीचा भार तिला आडवा ओढू लागला, तर ओढणारी नौकाच कलंडू शकते. मोठ्या बंदरांतील बलाढ्य ओढनौकाही याच कारणाने उलटल्या आहेत; लहान होडीची तर कथाच नको. थांबावयाचे असल्यास वेग हळूहळू उतरवावा. मागच्या नौकेला ब्रेक नसल्याने ती आपल्याच गतीने येऊन पुढच्या नौकेवर आदळते.

सर्वांत अवघड प्रकार : जलस्कूटर

टोचनाच्या दृष्टीने सर्वांत अवघड वाहन म्हणजे उभ्याने चालवावयाची जलस्कूटर. जपानच्या कावासाकी कंपनीने १९७० च्या दशकाच्या आरंभी 'जेट स्की' या नावाने ती बाजारात आणली आणि पुढे तेच नाव या साऱ्या वाहनप्रकारास चिकटले. १९९० मध्ये यामाहा कंपनीची 'सुपरजेट' आली. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यांवर पर्यटकांना परिचित असतो तो बसून चालवावयाचा मोठा प्रकार. उभ्याचा प्रकार अरुंद, हलका आणि चपळ असतो. तरीही आजच्या सुपरजेटचे वजन १७० किलोग्रॅमच्या आसपास, तर कावासाकीच्या 'एसएक्स-आर'चे सुमारे २५० किलोग्रॅम भरते. दोन माणसांनी उचलून नौकेत टाकावे असे हे ओझे नव्हे. म्हणून ते ओढून नेण्याचा मोह होतो.

या वाहनाला उघडा पंखा नसतो. बुडाशी असलेला पंप पाणी आत ओढून मागच्या तोंडातून जोराने बाहेर फेकतो आणि त्या धारेच्या धक्क्याने वाहन पुढे जाते. धारेची दिशा बदलूनच ते वळते. याचा अर्थ असा की इंजीन बंद असताना त्याला सुकाणूच उरत नाही. ओढताना ते डावीउजवीकडे भरकटते. म्हणून त्याच्या बाबतीत दोर फार लांब ठेवू नये आणि गतीही अगदी मंद ठेवावी. दोर पुढच्या टोकावरील कडीलाच बांधावा. हाताने धरावयाच्या वर-खाली होणाऱ्या दांड्याला बांधू नये. दांडा खाली घेऊन ठेवावा.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. या इंजिनाला थंड ठेवणारे पाणी त्याच पंपातून एका नळीवाटे येते. इंजीन चालू असताना धुराबरोबर ते पाणी बाहेर फेकले जाते. इंजीन बंद ठेवून वाहन वेगाने ओढले तर पंपात शिरणारे पाणी नळीवाटे आत जातच राहते, पण ते बाहेर ढकलणारा धूर नसतो. पाणी साचत साचत धुराड्याच्या मार्गाने इंजिनाच्या आत पोहोचते. काठावर आल्यावर चालकाने इंजीन सुरू करण्याचा प्रयत्न केला की आतील भाग वाकतात किंवा मोडतात. टोचनात वाचविलेले पैसे मग दुरुस्तीत कित्येक पटींनी जातात.

यावरील उपाय दोन आहेत. पहिला, ताशी ८ किलोमीटरच्या आतच ओढणे. वेग जितका कमी तितके नळीत शिरणारे पाणी कमी. दुसरा, पंपाकडून इंजिनाकडे येणारी पाण्याची नळी चिमट्याने दाबून बंद करणे. असा चिमटा अल्प किमतीत मिळतो. मात्र इंजीन पुन्हा सुरू करण्यापूर्वी तो आठवणीने काढला पाहिजे, नाहीतर पाण्यावाचून इंजीन तापून जळते. विसर पडू नये म्हणून चिमटा लावताच दांड्याला लाल फडके बांधण्याची सवय करावी. नळीची नेमकी जागा व वेगाची मर्यादा प्रत्येक वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते; ती प्रमाण मानावी. वाहन पाण्यात उलटले तर ते कोणत्या बाजूने सरळ करावयाचे, हेही मागच्या बाजूस चिकटविलेल्या चित्रात दाखविलेले असते. चुकीच्या बाजूने फिरविल्यास धुराड्यातील पाणी इंजिनात उतरते.

ईसापूर जलाशयाच्या काही भागास पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे. अशा ठिकाणी कोणत्याही यांत्रिक वाहनास परवानगीशिवाय प्रवेश नसतो, याची जाणीव जलक्रीडेची हौस असणाऱ्यांनी ठेवावी.

वारा आणि पूर

आपल्याकडील जलाशयांचे पाणी एरवी शांत असते, पण मे महिन्यातील वळीव आणि त्याआधीचा सोसाट्याचा वारा ते पाणी काही मिनिटांत खवळून सोडतो. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात करमाळा व इंदापूर तालुक्यांच्या दरम्यान प्रवासी घेऊन निघालेली नौका अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांना प्राण गमवावे लागले. विस्तीर्ण जलाशयावर वारा लाटांना वाढण्यास मोठे अंतर देतो. म्हणून टोचन सकाळच्या वेळी करावे आणि आभाळ भरून येत असल्यास काठ सोडू नये. वाटेत वारा सुटलाच, तर मागची रिकामी नौका वाचविण्याचा हट्ट न धरता दोर सोडून द्यावा. नौका दुसऱ्या दिवशी कोणत्यातरी काठाला सापडते.

येथे एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. वर सांगितलेली रीत जलाशयाच्या स्थिर पाण्यासाठी आहे. पुराच्या वाहत्या पाण्यासाठी ती नाही. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात पुराचे पाणी शिरले, तेव्हा हिंगोलीसारख्या जिल्ह्यातही नौकेची निकड किती तातडीने भासू शकते हे सर्वांनी पाहिले. अशा वेळी गावातील होडी दोराने बांधून प्रवाहातून ओढण्याची कल्पना सुचणे साहजिक आहे. परंतु प्रवाहाला आडवी धरलेली, दोराने जखडलेली नौका वाहत्या पाण्याच्या दाबाने भरते व उलटते. ते काम प्रशिक्षित बचाव पथकांचेच आहे.

कायद्याचा आधार

देशातील नद्या व जलाशयांवरील वाहतुकीस १९१७ चा अधिनियम लागू होता. त्याची जागा अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ ने घेतली. या नव्या अधिनियमात यांत्रिक नौकांची नोंदणी व तपासणी यांबरोबरच बिनइंजिनाच्या नौकांचाही विचार स्वतंत्र प्रकरणात केलेला आहे. ज्यांना जलक्रीडा वा नौकानयनाचे रीतसर शिक्षण घ्यावयाचे आहे, त्यांच्यासाठी गोव्यात १९९० पासून राष्ट्रीय जलक्रीडा संस्था कार्यरत आहे.

मच्छीमार सहकारी संस्थांनी आपल्या सभासदांसाठी टोचनाचा एक सामाईक संच ठेवल्यास खर्च आणखी विभागला जाईल. ३० मीटर चांगला दोर, फेकण्याची सुतळी, दोन जुने टायर, रबराची पट्टी, चार तरंगते डबे, एक सुरी आणि पुरेशी तरंगजाकिटे एवढेच साहित्य त्यात लागते. संच एखाद्या पेटीत, उन्हापासून दूर ठेवावा आणि पावसाळ्यापूर्वी दोराचा पीळ उकलून एकदा तपासावा. वर्षातून एखाद्या दिवशी शांत पाण्यावर तरुण मच्छीमारांकडून या पद्धतीचा सराव करून घ्यावा. गाठ बांधणे आणि ताण असताना ती सोडणे, या दोन्हींचा सराव त्यात व्हावा.